दर्यावरची साय

आईने चौथं ताट मांडलं, तशी तात्यांनी मान खाली घातली. मृदुलाने भाताचं भांडं पुढे ओढून तीन ताटांत भात वाढला. चौथ्यात आईने स्वतः वाढला आणि वर बांगड्याचा शेपटीकडचा तुकडा ठेवला. दीपेशला शेपटीकडचाच लागायचा.

"आज वास जास्ती असा," आई म्हणाली. "जवळच खंयतरी असतलो."

वास खरोखरच होता. ओल्या जाळ्याचा, सुकत चाललेल्या शेवाळाचा, किंचित उकडलेल्या कोबीसारखा. सात वर्षांपूर्वी दीपेश मासेमारीहून घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला हाच वास असायचा. आता तो भाटीवाडीच्या प्रत्येक घराला, पांघरुणाला, पिण्याच्या पाण्याला येत होता.

"आई, तो गंधकाचो वायू असा," मृदुलाने पहिल्या वर्षी तिला समजावून पाहिलं होतं. "पाण्यातल्या बारीक जीवांतसून येता."

"असांदे," आई शांतपणे म्हणाली होती. "माझो झील आता गंधकाचो झालो असात."

त्यानंतर मृदुलाने तो विषय काढला नव्हता.

दीपेश सारंग तिचा मोठा भाऊ, आई-तात्यांचा थोरला. मालवणच्या उत्तरेला असलेल्या या वाडीतून एका मे महिन्यात तो चार खलाशांना घेऊन ट्रॉलरवर गेला आणि वाटेत त्याला चक्रीवादळाने गाठलं. तोवर अरबी समुद्र इतका तापला होता की वादळ अर्ध्या दिवसात दुप्पट जोराचं व्हायचं. इशारा पोहोचेपर्यंत वादळच पोहोचलेलं असायचं. ट्रॉलरची एक फळी सापडली. माणसं सापडली नाहीत. दीपेशची बायको प्राजक्ता तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. भटजी विचारायला आले, तेव्हा आईने त्यांना दारातूनच परत पाठवलं. "माका आंग दाखवा," ती म्हणाली, "मगे क्रिया करूया."

मृदुला त्या वेळी सागरी सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. शिक्षण संपलं, तशी ती 'शीतसागर' प्रकल्पात दाखल झाली. का, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलंही नाही.

प्रकल्पाची कल्पना मोठी देखणी होती. समुद्राच्या चमचाभर पाण्यात लाखो जीव असतात. डोळ्यांना न दिसणारे हे जीव आपल्या वाट्याचा निम्मा प्राणवायू तयार करतात, हे शाळेत शिकवतात. पण ते ढगही घडवतात, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. वाफेला थेंब व्हायचं तर टेकायला काहीतरी लागतं. धुळीचा कण, मिठाचा कण, काहीही. काही सूक्ष्म शैवालं गंधकाचा एक वायू सोडतात. समुद्राचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो बराचसा त्याचाच. हा वायू वर जातो, त्याचे अतिसूक्ष्म कण होतात, त्या कणांवर वाफ बसते आणि ढग धरतो. ढगाच्या सावलीत पाणी निवतं.

प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनी चुन्याचं कवच असलेलं एक शैवाल निवडलं. कोमट पाण्यात तग धरेल, जाड कवच घालेल आणि नेहमीच्या कितीतरी पट वायू सोडेल, असं त्याचं वाण घडवलं. पांढऱ्या कवचांवरून ऊन परतवायचं, ढगांनी समुद्र झाकायचा, आणि वादळांना लागणारी ऊब त्यांच्या तोंडातून काढून घ्यायची.

आणि तसंच झालं. पहिल्या हिवाळ्यात समुद्र दुधाळ दिसू लागला, दुसऱ्या वर्षी पांढरा. वाडीतल्या बायकांनी त्याला नाव दिलं, साय. दर्यावर साय धरली. मोजमापं घेणाऱ्या यंत्रांनी पाणी निवल्याचं सांगितलं. चार वर्षांत या किनाऱ्यावर एकही चक्रीवादळ आलं नाही. भाटीवाडीतून समुद्रावर गेलेला प्रत्येक जण घरी परतला.

फक्त समुद्राचा आवाज कमी झाला होता. शैवालातून पाझरणाऱ्या चिकट द्रवाचा पापुद्रा पाण्यावर पसरायचा आणि बारीक लाटा त्याखाली विझून जायच्या. पांढरं पाणी पांढऱ्या वाळूवर येऊन नुसतं टेकायचं आणि मागे सरायचं, निजलेल्या माणसाच्या छातीसारखं. वर कायमचे ढग. क्षितिज नाहीच. त्या पांढऱ्यात होडी घेऊन गेलं की मागून कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं, असं दोन-तीन जण सांगू लागले. तात्या त्यांच्यावर हसायचे. मग एक दिवस तेही मधूनच परत आले, होडी ओढून घेतली आणि कशासाठी परतले ते त्यांनी सांगितलं नाही.

*

श्रावणात तात्यांनी जीप काढली. प्राजक्ताकडे जायचं होतं.

दीपेश गेल्यावर दोन वर्षांनी तात्यांनीच पुढाकार घेऊन तिचं दुसरं लग्न लावून दिलं होतं. नवरा विक्रांत देसाई, गडहिंग्लजच्या बाजूला एका गावात शिक्षक. आई त्या लग्नाला गेली नाही. पण दीपेशची मुलगी अन्वी आता सहा वर्षांची होती आणि तात्या वर्षातून दोनदा तरी तिला भेटून यायचे. या खेपेला त्यांनी जीपमध्ये फणस किंवा सुकी मासळी भरली नाही. विहिरीच्या पाण्याचे कॅन भरले.

"माणसां हसतली," मृदुला म्हणाली.

"नाय हसणत," तात्या म्हणाले.

आंबोलीपर्यंत धुकं होतं आणि पावसाची पिरपिर. किनाऱ्यावरही तेवढीच पडत होती, विहिरी कशाबशा तगण्यापुरती. घाट संपून जीप पठाराला लागली आणि काचेवरचे थेंब सुकले. वर ढग होते. काळे, भरलेले, इतके खाली आलेले की आता कोसळतील असं कोणालाही वाटलं असतं. त्यांच्याखाली ऊस वाळून कागदासारखा वाजत होता.

गावाच्या तोंडाशी बायका रिकाम्या घागरींची रांग लावून बसल्या होत्या. रांग रस्त्यावर आली होती, म्हणून तात्यांनी जीप थांबवली. गाडीचा नंबर बघून एक म्हातारी उठून जवळ आली.

"दर्याकडचं का तुमी?"

"होय."

"मग एक इचारू? आमचा पाऊस तुमच्याकडं अडकून ठेवलाय म्हणत्यात. खरं हाय व्हय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. हरवलेली शेळी तुमच्या गोठ्यात आली का, असं विचारावं, तसं तिने विचारलं होतं. तात्यांनी मृदुलाकडे पाहिलं. मृदुलाने पुढच्या काचेतून वर पाहिलं. ढग पूर्वेकडे निघाले होते.

विक्रांतने कॅन उतरवून घेतले. हसला नाही. एक कॅन त्याने स्वयंपाकघरात ठेवला, बाकीचे शेजारी वाटून आला. प्राजक्ताने तात्यांच्या पाया पडताना विचारलं, "आई कशा आहेत?" तात्या म्हणाले, "बरी असा." एवढंच. संध्याकाळी विक्रांतने अन्वीला एका मोठ्या परातीत उभं करून दोन तांब्यांत अंघोळ घातली. परातीतलं पाणी त्याने जपून बादलीत ओतलं. "पप्पा, डोळ्यात गेलं," अन्वी ओरडली, तसं त्याने आपल्या शर्टाच्या टोकाने तिचे डोळे पुसले. पप्पा हा शब्द ऐकून तात्या बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने मृदुला त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"बरो माणूस असा," तात्या म्हणाले. मग वर बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ह्ये कित्याक पडणत नाय? माका समजात असा सांग."

मृदुलाला हे समजावणं टाळता आलं असतं तर तिने टाळलं असतं.

"तात्यानू, पंगतीक माणसां वाढली आणि भात तेवढोच रवलो, तर काय होतला? प्रत्येकाच्या पानात चार शितां. ढगात तसाच झाला असा. सायीमुळे वाफेक टेकाक कण इतके झाले की, प्रत्येकावर वाफ अगदी थोडी बसता. थेंब बारीक रवतत. बारीक थेंबाक वजन नाय. तो पडणा नाय, वाऱ्याबरोबर जाता. आणि दर्या थंड झालो म्हणान वाफच मुळात कमी उठता."

"म्हणजे आमच्याकडे वादळ नाय, ता ह्येंच्या पाण्यार."



*

प्रयोगशाळेत हे सगळं आकड्यांत माहीत होतंच. संचालक डॉ. कुलसुम मुकादम यांच्या टेबलावर उपग्रहाची चित्रं पसरलेली असायची आणि त्यांत साय ओमानच्या दिशेने सरकताना दिसायची.

"आपण ती थांबवायची सोयच ठेवली नाही," मुकादम मॅडम म्हणाल्या. "निसर्गात प्रत्येक शैवालामागे त्याचा विषाणू असतो. शैवाल माजलं की विषाणू शिरतो, पेशी फुटतात, आठवड्यात सगळं तळाला जातं. आपल्याला ते नको होतं. म्हणून वाण घडवताना विषाणूचं दारच बंद केलं."

मृदुलाने पुढ्यातला चंबू त्यांच्यासमोर ठेवला. तीन दिवसांपूर्वी त्यात सायीचं पांढरं पाणी होतं. आता ते नितळ होतं आणि तळाशी चुन्याचा पातळ थर साचला होता. किनाऱ्यावरच्या एका खाडीतून आणलेल्या पाण्यात तिला एक विषाणू सापडला होता. बंद दाराशेजारची खिडकी त्याने शोधली होती.

मॅडमनी चंबू उजेडात धरला.

"हा सोडला तर काय होईल, ते तुला माहीत आहे."

"हो. मेलेली साय तळाला जाऊन कुजेल. पाण्यातला प्राणवायू ओढून घेईल. किनाऱ्यालगतची मासळी एक-दोन वर्षं तरी संपली."

"आणि समुद्र पुन्हा तापेल."

"हो."

विषाणू सोडायला मंजुरी मिळाली, पण एका अटीवर. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेला वाहतो, म्हणून विषाणू मालवणच्या पट्ट्यात सोडायचा आणि तिथल्या मच्छीमार सोसायटीने हो म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. सोसायटीचे चेअरमन होते भास्कर सारंग. म्हणजे तात्या.

*

सभा देवळाच्या मांडवात झाली. मृदुला तासभर बोलली. ती बोलत असताना कोणी चुळबुळही केली नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. बोलून झाल्यावर बाबी मोंडकर उभे राहिले. त्यांचे दोन मुलगे समुद्रावर जायचे.

"आमची पोरां बुडाली तेव्हा घाटावरसून कोण इल्लो काय?" त्यांनी विचारलं. "तुझो भाव गेलो तेव्हा कोणी विचारल्यान, तुमका काय होया म्हणान? आज चार वर्सां झाली, ह्या वाडीत कोण रडाक नाय. आणि तू म्हणतस, ती साय काढून टाका!"

मांडवात पुष्कळ माना हलल्या. बाबींचं म्हणणं मृदुलाला स्वतःलाच पटत होतं. तिने शैवालाला वाहिलेली वर्षं याचसाठी होती.

तात्या सावकाश उठले.

"मी घाटार जावन इलंय," ते म्हणाले. "थंय ढग आमच्यासारखेच असत. डोक्यार येतत आणि जातत, आणि माणसां वर बघत रवतत. माझो झील ज्या वादळात गेलो, ता वादळ कोणी धाडूक नव्हता. ह्यो दुस्काळ मात्र आपण धाडलो असा. माका आता म्हायत झाला. म्हायत नसता तर मी बाबीच्या बाजून बसलंय असतंय."

"आणि उद्या माझो झील बुडालो तर?" बाबी ओरडले.

तात्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तर माझ्या दारात ये आणि माका शिवी घाल. मी भायर येवन ऐकतलंय."

थोड्या मतांनी ठराव मंजूर झाला. तात्या आणि मृदुला घरी आले तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती. बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती.

"तो वास जातलो?" तिने मृदुलाला विचारलं.

"होय आई."

"म्हणजे एकदा दर्यान नेलो, आता तुमी दोघा मिळान नेतास."

ती उठून आत गेली. त्या दिवसापासून ती मृदुलाशी बोलेनाशी झाली.

*

पौषात होड्यांतून निळे पिंप नेऊन विषाणू पाण्यात सोडला. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. मग पांढऱ्या समुद्रात एक काळसर वर्तुळ उघडलं आणि रोज मोठं होत गेलं.

पेशी फुटल्या की त्यांच्यात साठलेला सगळा वायू एकदम बाहेर पडतो. हे मृदुलाला माहीत होतं. तिने ते लिहूनही दिलं होतं. पण माहीत असणं वेगळं.

वास आला तो असा की वाडीतली कुत्री घरात शिरून बसली. घराघरातून माणसं बाहेर आली आणि अंगणात उभी राहिली. शेजारच्या येसूकाकीचा नवरा पंधरा वर्षांपूर्वी बुडाला होता. तिने पेटीतून त्याचा सदरा काढला, वाळत घातल्यासारखा दोरीवर टाकला आणि दिवसभर त्याच्या बाजूला उभी राहिली. पलीकडच्या घरातलं कोणीतरी मोठ्याने नाव घेऊन हाक मारत होतं. कोणी त्यांना गप्प केलं नाही. ज्यांचं माणूस समुद्रात राहिलं होतं, त्या प्रत्येक दारात कोणी ना कोणी वाट बघत बसलं होतं.

आई त्या दिवसांत आनंदात होती. सकाळीच बांगडे साफ करायला घ्यायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत बोलत राहायची. अन्वीला पहिला दात कधी आला, प्राजक्ता कुठे असते, तात्यांचे गुडघे कसे दुखतात. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखं करायची, हसायची. तात्या ओसरीवर बसून हे ऐकायचे आणि आत जायचं धैर्य करायचे नाहीत.

मृदुलाच्या खिशात वायू मोजायचं यंत्र होतं. त्यावरचा आकडा दर तासाला चढत होता. त्या वासाचं रासायनिक सूत्र तिला झोपेतही सांगता आलं असतं. तरी एका दुपारी फाटकाची कडी लावताना तिला मागे कोणीतरी उभं असल्याची इतकी खात्री वाटली की ती म्हणाली, "दीपू, आधी पाय धू." मग ती वळली. रिकामं अंगण, तुळस, वाळत घातलेलं जाळं. तिने खिशातून यंत्र काढलं आणि आकडा बघत तिथेच उभी राहिली.

आठवड्याने वारा फिरला आणि वास गेला. पूर्ण गेला. वर्षानुवर्षं नाकाला लागलेली ती गोष्ट नाहीशी झाली, तेव्हा लोकांना आपण बहिरे झाल्यासारखं वाटलं. किनाऱ्यावर मेलेली मासळी ढिगांनी येऊन पडली. समुद्र काळानिळा होता आणि लाटा पुन्हा मोठ्याने फुटत होत्या. त्या दुपारी आईने जेवण वाढलं. तीनच ताटं.

*

मे महिन्यात वादळ आलं.

साय असताना असं वादळ उठलंच नसतं, हे यंत्रांनी नंतर स्पष्ट दाखवलं. इशारा दोन दिवस आधी मिळाला होता. मासळी किनाऱ्याजवळ उरली नव्हती, म्हणून होड्या फार आत जात होत्या. एक सोडून सगळ्या परतल्या. बाबी मोंडकरांचा धाकटा मुलगा सुजय परतला नाही. तिसऱ्या दिवशी तो देवगडच्या खडकांत सापडला.

त्याला घरी आणल्यावर बाबी मोंडकर चालत सारंगांच्या दारात आले. तात्या चपला न घालता बाहेर गेले आणि अंगणात उभे राहिले. बाबींनी शिवी घातली नाही. दोघे म्हातारे समोरासमोर उभे होते. मग बाबी खाली बसले आणि तात्या त्यांच्या शेजारी बसले.

आई आतून आली. त्या दोघांच्या बाजूने ती तशीच पुढे गेली, फाटक उघडून मोंडकरांच्या घरी. सुजयच्या आईजवळ ती रात्रभर, उजाडेपर्यंत बसली. त्याला अंघोळ घातली तेव्हा तिने पाणी ओतलं. कपाळावरचे केस तिनेच मागे सारले. मग त्याचा हात हातात धरून बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, जणू ती काहीतरी शिकून घेत होती.

मृदुलाने त्या महिन्यात राजीनामा लिहिला. मुकादम मॅडमनी तो वाचला आणि टेबलावर उपडा ठेवला. "तू गेलीस तर मोजणार कोण?" त्या म्हणाल्या. "आपण काय केलं ते आता कोणीतरी मोजत राहिलं पाहिजे." मृदुला राहिली.

जूनच्या शेवटी अन्वीचा फोन आला. तात्यांनी तो कानाला लावला.

"आजोबा, शाळेत पाणी शिरलं! सुट्टी दिली. पप्पांची चप्पल वाहून गेली."

"मगे?" तात्यांनी विचारलं.

"मग काय, पप्पा तिच्या मागे पळाले आणि पडले," ती म्हणाली आणि इतकी हसली की पुढचं काही कळलंच नाही. तात्यांनी फोन ठेवला आणि मोंडकरांच्या घराच्या दिशेने बघत राहिले.

*

भाद्रपदात, पितृपंधरवड्याच्या तोंडावर, आई तात्यांना म्हणाली, "भटजींका सांगा. दीपूचा करूया." तात्यांनी का म्हणून विचारलं नाही. प्राजक्ता, विक्रांत आणि अन्वी आदल्या दिवशीच आले.

त्या सकाळी मृदुला नेहमीसारखी पाण्याचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत गेली. लवकर आटोपून परतायचं होतं. काचपट्टीवर थेंब ठेवून तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सायीच्या कवचाच्या पांढऱ्या चकत्या आता महिनोन्महिने दिसत नव्हत्या. आजही नव्हत्या. पण कोपऱ्यात काहीतरी हललं.

बारीक, पारदर्शक पेशी. कवच नाही. प्रत्येकीला दोन शेपट्या आणि त्या हलवत त्या पोहत होत्या. मृदुलाने त्यांची जनुकीय चाचणी लावली आणि उत्तर येईपर्यंत खुर्चीत बसून राहिली. उत्तर तिला आधीच कळलं होतं.

ती सायच होती. विषाणू आला तेव्हा काही पेशींनी कवच टाकून दिलं होतं आणि वेगळं रूप घेतलं होतं. ज्या खिडकीने विषाणू शिरायचा ती त्या रूपाला नव्हतीच. विषाणूला त्या दिसत नव्हत्या. उपग्रहाला दिसत नव्हत्या. वास नाही, पांढरेपणा नाही, ढग नाहीत. देह टाकून त्या त्याच पाण्यात राहिल्या होत्या आणि पुन्हा कवच धरण्याजोगे दिवस यायची वाट बघत होत्या. ते दिवस पुढच्या वर्षी येतील की चाळीस वर्षांनी, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

तिने निष्कर्ष मुकादम मॅडमना पाठवला, हात धुतले आणि घरी गेली.

विधी किनाऱ्यावर चालला होता. ढग फाटून ऊन पडलं होतं आणि समुद्र स्वच्छ निळा होता. अन्वी विक्रांतचं बोट धरून उभी होती. तिने निळा समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता आणि सारखी विचारत होती, "ह्याला कोणी रंग दिला?" भटजींनी सांगितलं तसं तात्यांनी पाणी सोडलं. आई पिंडाची पत्रावळ घेऊन पाण्याकडे निघाली, तशी मृदुला तिच्याबरोबर गेली. आईने नको म्हटलं नाही.

पत्रावळ पाण्यावर ठेवून आई थोडा वेळ वाकलेलीच राहिली. मग सरळ होत, मृदुलाकडे न बघता तिने विचारलं, "मेली ती? तुमची साय?"

नऊ-दहा महिन्यांत तिने विचारलेली ही पहिली गोष्ट. मृदुलाला हो म्हणता आलं असतं.

"नाय गो आई," ती म्हणाली. "मरूक नाय. पाण्यातच असा. दिसत नाय, इतक्याच."

"परत येतली?"

"येतली. कधी, ता म्हायत नाय."

पत्रावळ हेलकावे खात आत सरकत होती. मृदुला त्या नितळ पाण्याकडे बघत होती. तळाची वाळू दिसत होती, वाळूवरच्या शिंपल्या दिसत होत्या, मध्ये काहीच नव्हतं. पांढऱ्या समुद्राची तिला कधी भीती वाटली नव्हती. या पाण्याची वाटली. ती एक पाऊल पुढे सरकली, वाकून आत बघायला, आणि तेवढ्यात तिच्या मनगटाला घट्ट पकड बसली.

"मागे सर गो," आई म्हणाली. "लाट येता."